पहिली कच्ची वाट: सासवडचा माळ, वेल्हे की पानशेतचा काठ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सहा महिन्यांपूर्वी घरी फोर बाय फोर थार आली, पण अजून तिने डांबर सोडलेलं नाही. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पत्नी आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन दोन रात्रींची ओव्हरलँडिंगची, म्हणजे गाडीने कच्च्या वाटांवर मुक्काम करत फिरण्याची सहल काढायची आहे, त्यातली एक रात्र तंबूत. नकाशावर तीन वाटा हेरून ठेवल्या आहेत. पहिली पानशेत जलाशयाच्या काठाकाठाने जाणारी. दुसरी वेल्ह्याहून केळदकडे जाताना डांबर सोडून डोंगरातल्या वाड्यांकडे वळणारी. तिसरी सासवड, मल्हारगड, भुलेश्वर या पट्ट्यातल्या माळावरची. यातली नवख्याला सोपी कोणती, आणि निघण्याआधी विंच (रुतलेली गाडी तारेने ओढून काढणारं यंत्र) बसवून घ्यावी का?

आधी उत्तर देतो. सासवडच्या बाजूला जा. वेल्हे दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला ठेवा. पानशेतचा काठ यादीतून कायमचा काढून टाका. विंचबद्दल शेवटी लिहितो.

वाट सोपी की अवघड, हे आपण बहुतेक वेळा तिच्यावरच्या खडकांवरून, चढावरून आणि ओढ्यांवरून ठरवतो. व्हिडिओ पाहून तर तसंच वाटतं. माझ्या मते पहिल्या सहलीला हा निकष दुय्यम आहे. पहिला प्रश्न असा विचारावा की या वाटेवर कोणत्याही टप्प्याला मागे फिरता येतं का? तीच एक फूट उंचीची दगडी पायरी डांबरी रस्त्यापासून पाचशे मीटरवर असेल तर तो उत्तम सराव असतो. आठ-दहा किलोमीटर आत, संध्याकाळी पाच वाजता, मागच्या सीटवर दमलेलं मूल असताना तीच पायरी संकट होते. दगड तोच, गाडी तीच, फक्त परतीची सोय बदललेली असते. त्यामुळे वाट निवडताना गाडी वळवायला जागा किती अंतरावर आहेत, जवळचं डांबर किती लांब आहे आणि हाकेच्या अंतरावर वस्ती आहे का, हे आधी बघा. अडथळे त्यानंतर.

याच विचारातून निघणारा एक नियम मी नव्या लोकांना फार आग्रहाने सांगतो. जाताना चढ आणि येताना उतार असेल अशी वाट घ्या. उलटी घेतलीत तर फसगत होते. घसाऱ्याचा उतार नवखा माणूसही उतरून जातो, कारण गुरुत्वाकर्षण गाडीला खाली ओढतच असतं. खाली पोचल्यावर पुढे वाट बंद निघाली की तोच उतार चढायचा असतो, आणि तिथे चाकं नुसती जागेवर फिरतात. चढाने सुरुवात केली तर जमत नाही हे पहिल्याच वळणावर कळतं आणि सावकाश रिव्हर्समध्ये सरळ रेषेत खाली येता येतं. चढ अर्ध्यावर सोडावा लागला तर गाडी तिथेच आडवी वळवायला मात्र जाऊ नका. उतारावर आडवी झालेली गाडी कलंडते.

आता वाट किती कच्ची आहे हे घरबसल्या कसं ओळखायचं? आपल्याकडे याला एक फार भरवशाचं माप आहे: दुधाची पिकअप. ज्या वाटेवरून दूध किंवा भाजीपाला नेणारी पिकअप रोज जाते, ती वाट तुमच्या थारला सहज झेपेल, कारण त्या पिकअपला बहुतेक वेळा फक्त मागच्या चाकांचा जोर असतो. गावात विचारताना 'गाडी जाते का' असं विचारू नका. गावकऱ्यांच्या डोळ्यासमोर ट्रॅक्टर असतो आणि ते खरंच सांगतात की जाते. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या खोल असतात आणि मधला उंचवटा तसाच राहतो. थारची जमिनीपासूनची उंची 226 मिमी आहे. चाकं चाकोरीत गेली की गाडीचं पोट त्या उंचवट्यावर टेकतं आणि चारही चाकांचा जोर वाया जातो. म्हणून 'दुधाची पिकअप जाते का, आणि पाऊस झाल्यावरही जाते का' असं विचारा. चाकोरी खोल दिसली तर दोन्ही चाकं आत सोडू नका. एक बाजू मधल्या उंचवट्यावर आणि दुसरी कडेच्या पट्ट्यावर ठेवून चाकोरीला मधे घ्या, अर्थात कडेची जमीन पक्की असेल तरच.

दुसरं साधन म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचे 1:50,000 चे नकाशे. ते संकेतस्थळावर मोफत उतरवता येतात. मोबाईलवरच्या नकाशात कच्च्या रस्त्याची आणि पायवाटेची रेघ पुष्कळदा सारखीच दिसते. या नकाशांत गाडीवाट, जनावरांची वाट आणि पायवाट यांच्या खुणा वेगळ्या असतात. मजकूर जुना असतो, नवे रस्ते त्यात नसतात, पण डोंगराचा आकार बदलत नाही. समोच्च रेषा दर 20 मीटरला असतात आणि नकाशावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. वाट एका सेंटीमीटरमध्ये पाच रेषा ओलांडत असेल, तर अर्ध्या किलोमीटरमध्ये शंभर मीटर चढ, म्हणजे पाचास एक. कोरड्या मुरुमावर हा चढ लो रेंजमध्ये (म्हणजे 'फोर लो', वेग कमी आणि चारही चाकांना जोर जास्त) जमतो, सुट्या घसाऱ्यावर नवख्याला जमेलच असं नाही. पहिल्या खेपेला दोन-तीन रेषांच्या पुढे जाऊ नका.

या दोन कसोट्या लावल्या की तुमच्या तीन वाटांचं चित्र पुरतं बदलतं.

पानशेतपासून सुरुवात करतो, कारण तिथे धोका सगळ्यात जास्त आहे आणि तो दिसत नाही. उपग्रहाच्या छायाचित्रात जलाशयाच्या काठाने जी सुंदर तपकिरी वाट दिसते, ती बहुधा उन्हाळ्यातली असते. ढग नसलेली छायाचित्रं तेव्हा सहज मिळतात, आणि तेव्हा पाणी खूप खाली गेलेलं असतं. म्हणजे तुम्ही पाहताय तो जलाशयाचा तळ आहे. नोव्हेंबरात धरण जवळजवळ भरलेलं असतं, त्यामुळे त्या वाटेचा बराच भाग पाण्याखाली असेल. मग मे महिन्यात जावं का? तेव्हाही नाही. गाळाचा वरचा थर वाळून तडकलेला, चालायला पक्का वाटतो, पण खाली फूट-दोन फुटांवर ओला चिखल असतो. माणसाचं वजन तो पेलतो, दीड-दोन टनांची गाडी पेलत नाही. अशा गाळात एक्सलपर्यंत रुतलेली गाडी काढायला जेसीबी आणावा लागतो, आणि कधीकधी तोही कडेलाच थांबतो. याहून मोठं कारण म्हणजे पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला ही आपल्या पुणे शहराच्या पिण्याच्या पाण्याची धरणं आहेत. त्यांच्या पात्रात इंजिनऑइलचे थेंब सांडत फिरण्याचा हक्क कुणालाच नाही. हे मी मनापासून सांगतो. पानशेतला जायचं तर डांबरी रस्त्याने जा, काठावर डबा खा आणि परत या.

वेल्हे परिसर माझा सर्वांत आवडता आहे, म्हणूनच तो घाईने उरकू नये असं वाटतं. तोरण्याच्या पायथ्यापासून केळद आणि मढे घाटाच्या माथ्यापर्यंत डांबर आहे. प्रश्न येतो तो त्याला फुटणाऱ्या कच्च्या फाट्यांचा. पहिली अडचण मातीची. इथे पुण्याच्या कितीतरी पट पाऊस पडतो, आणि तांबडी चिकण माती डोंगराच्या सावलीत नोव्हेंबर सरेपर्यंत ओली राहू शकते. वरून कोरडी, टाचेने दाबली की साबणासारखी. दुसरी अडचण गवताची. पावसाळ्यानंतर ते कमरेएवढं वाढलेलं असतं आणि त्याखाली दगड, चर, खाचरांचे बांध दडलेले असतात. शिवाय नोव्हेंबरअखेर ते वाळायला लागतं. गाडीचा एक्झॉस्ट चांगलाच तापलेला असतो, आणि डिझेल गाडीत काजळी जाळणाऱ्या फिल्टरची सफाई चालू असेल तर तो आणखी तापतो. उंच वाळक्या गवतात गाडी उभी करून चहा करत बसणं म्हणजे वणव्याला आमंत्रण. तिसरं म्हणजे अनेक फाटे एखाद्या धनगरवाड्यापाशी संपतात आणि पुढे फक्त पायवाट उरते. वळायला जागा नसते, मोबाईलला रेंज नसते. आणि काही वाटा वनखात्याच्या हद्दीतून जातात, तिथे परवानगीशिवाय गाडी घालणं गुन्हा ठरू शकतो. ताम्हिणी आणि भीमाशंकर तर अभयारण्यंच आहेत, तिथल्या कच्च्या वाटांचा विचारही मनात आणू नका.

जानेवारीत, दुसरी अनुभवी गाडी सोबत असताना वेल्ह्याला जरूर जा. तोवर माती सुकलेली असते, भातकापणी होऊन खाचरं मोकळी झालेली असतात आणि बांध स्पष्ट दिसतात.

आता सासवड. दिवे घाट चढून गेलं की जमीनच बदलते. आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. टेकड्यांच्या उतारावर मुरूम आहे, म्हणजे कुजून भुगा झालेला बेसॉल्ट. पाणी त्यातून लगेच निचरून जातं आणि चाकाला पकड चांगली मिळते. नवख्यासाठी मुरमाइतकी दयाळू जमीन दुसरी नाही. गवत खुरटं असतं, त्यामुळे पुढचे पन्नास मीटर दिसतात. झाडी कमी, वळायला माळ मोकळा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सोनोरी, माळशिरस, यवत या भागात डांबरी रस्त्यांचं इतकं दाट जाळं आहे की कोणत्याही टेकडीवरून खाली पाहिलं तर एखादा रस्ता किंवा वस्ती दिसतेच. मोबाईलला रेंजही बहुतेक ठिकाणी मिळते. सासवडसारखं तालुक्याचं गाव जवळ, तिथे टायरवाले, गॅरेज, दवाखाने सगळं आहे.

वाटा निवडताना दोन-तीन लहान तुकडे घ्या, एक लांब सलग वाट नको. सोनोरीहून मल्हारगडाच्या पायथ्याकडे जाणं हा एक तुकडा. मराठ्यांनी बांधलेला शेवटचा किल्ला म्हणून तो ओळखला जातो, आणि चढायला इतका सोपा की तुमची मुलगी सहज वर जाईल. गाडी पायथ्याला ठेवा, गडाच्या अंगावर नेण्याचा मोह टाळा. दुसरा तुकडा सासवड–यवत डांबरी रस्त्याच्या बाजूने जाणाऱ्या पाणंदी आणि शिवरस्त्यांचा. पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनेतून काही ठिकाणी नवा मुरूम पडला आहे. 'महाभूनकाशा' या सरकारी संकेतस्थळावर गावाचा नकाशा उघडला तर गटांच्या हद्दी दिसतात. वाट सार्वजनिक आहे की कुणाच्या शेतातून जाते याचा अंदाज त्यावरून येतो, खात्री मात्र गावात विचारूनच करा. भुलेश्वरच्या डोंगरावर डांबरी रस्ताच जातो, तो शेवटी ठेवा. तिथल्या मंदिराचं कोरीव काम पाहायला दोन तास हातात असू द्या.

या भागात तीन गोष्टी सांभाळा. कऱ्हा नदीच्या बाजूला खाली उतरलात की मुरूम संपून काळी माती लागते. पाणी लागलं की ती फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते आणि चाक गुळगुळीत होऊन जातं. नोव्हेंबरात अवकाळी पाऊस येऊ शकतो. मागच्या दोन दिवसांत पाऊस झाला असेल तर काळ्या मातीचा प्रत्येक तुकडा रद्द करा, फोर बाय फोर असली तरी. दुसरं, सासवडचा हा पुरंदर तालुका म्हणजे अंजीर आणि सीताफळाच्या बागा. पाणंदीला लागून ठिबकच्या नळ्या आडव्या टाकलेल्या असतात. नळी दिसली की थांबा, शेतकऱ्याला हाक मारा, त्याने उचलली की पुढे जा. फुटलेली नळी म्हणजे त्याचं पाण्याचं सगळं वेळापत्रक कोलमडतं. तिसरं, पुरंदरच्या नियोजित विमानतळाच्या भूसंपादनावरून 2025 मध्ये या तालुक्यातल्या काही गावांत वातावरण तापलं होतं, आणि ड्रोन सर्वेक्षणाला जोरदार विरोध झाला होता. अनोळखी गाडी आणि वर ड्रोन दिसला की लोकांना संशय येणं स्वाभाविक आहे. ड्रोन घरी ठेवा. गावात शिरताना काच खाली, रामराम करून कुठले, कुठे निघालो हे आपणहून सांगा. पुढे सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याकडे गेलात तर चिंकारा पाहायला ठरलेल्या रस्त्यानेच जा. माळ ओसाड वाटला तरी धाविकसारखे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. चाकोरी सोडून माळावर गाडी फिरवणं कुठेच करू नका.

सासवडच्या बाजूचा आणखी एक मोठा फायदा म्हणजे आधी पाहून येणं परवडतं. एका रविवारी सकाळी तुम्ही दोघं स्कूटरवरून निघालात तर दुपारपर्यंत सगळे तुकडे बघून परत याल. जिथे मागे बसलेल्याला उतरावं लागलं, ती जागा टिपून ठेवा. ओढा लागला तर चालत ओलांडून पाहा. पाणी गुडघ्याच्या खाली असावं, तळ कडक असावा आणि पाण्याला ओढ नसावी. कंपनी थारसाठी 650 मिमी पाण्याची खोली सांगते, पण तो आकडा शांत पाण्याचा समजा. साधारण 60 सेंमी खोल वाहतं पाणी एसयूव्हीलाही वाहून नेऊ शकतं. मूल गाडीत असताना वाहत्या पाण्यात प्रयोग नकोत.

वेळेचा हिशेब डांबरासारखा करू नका. कच्च्यावर ताशी 10 ते 15 किमी हा चांगला वेग आहे. त्यात उतरून पाहणं, फोटो, जेवण, रस्ता चुकणं धरलं तर दिवसाला 20 किमी कच्ची वाट पुरे. नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. तीन वाजता कच्ची वाट संपलेली असेल असा आराखडा करा. दिवसातला सगळ्यात अवघड तुकडा सकाळी घ्या.

गाडी चालवण्याबद्दल थोडंच लिहितो, कारण हे पुस्तकी शिकण्यापेक्षा कुणा अनुभवी माणसाला शेजारी बसवून शिकावं. कच्च्यावर शिरताना टायरची हवा दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा सहा-सात पीएसआयने कमी करा, साधारण 24 ते 26 वर आणा. टायर पसरतो, पकड वाढते, धक्के कमी बसतात. त्याखाली सुरुवातीला जाऊ नका. आपल्याकडचे बेसॉल्टचे दगड धारदार असतात, आणि फुगलेल्या टायरची बाजू त्यांच्यावर घासली की चिरते. बाजूला पडलेली चीर पंक्चरच्या किटने बुजत नाही, म्हणून स्टेपनी ठणठणीत हवी. उतारावर फोर लो, पहिला गिअर, क्लचवरून पाय काढलेला. इंजिनलाच गाडी धरू द्या, ब्रेक हलका. मोठ्या दगडापाशी पत्नीला उतरवून पुढून हाताने दिशा दाखवायला सांगा. दाखवणारी व्यक्ती एकच हवी, आणि ती नेहमी गाडीपासून लांब, चढाच्या बाजूला उभी असावी.

राहण्याचं म्हणाल तर पहिली रात्र कृषी पर्यटन केंद्रात काढा आणि तंबू दुसऱ्या रात्री लावा. तोवर मुलीला परिसर ओळखीचा झालेला असेल. तंबू माळावर एकटा न लावता शेतकऱ्याला विचारून त्याच्या अंगणाजवळ लावा. उसाच्या फडापासून लांब राहा, पुणे जिल्ह्यात बिबट्याचा वावर कितीतरी गावांत आहे. उघड्यावर विस्तव पेटवू नका, गॅसची शेगडी पुरते. 112 आणि 108 हे क्रमांक पत्नीच्याही लक्षात असू द्या, आणि वाटेचा कागदी आराखडा घरी कुणाकडे तरी ठेवा. रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं, तेही त्याला सांगून ठेवा.

आता विंच. या सहलीला ती लागणार नाही. विंचला ओढायला झाड किंवा दुसरी गाडी लागते, सासवडच्या माळावर झाडं फारशी नाहीत, आणि ताणलेली तार सुटली तर जीव जाऊ शकतो. ते पैसे चांगल्या एअर कंप्रेसरवर, दाब मोजायच्या गेजवर, फावड्यावर, ताणला जाणारा रिकव्हरी दोर आणि दोन शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या) यांवर घाला. दोर बांधायचा तो कंपनीने चॅसीला दिलेल्या हुकालाच. मागच्या टो बॉलला (ट्रेलर अडकवायच्या गोळ्याला) कधीही नाही, तो तुटून गोळीसारखा उडतो. ओढताना घरची माणसं दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर उभी करा. आणि शक्य असेल तर ओळखीतली एखादी दुसरी फोर बाय फोर सोबत घ्या, तिचा चालक तुमच्याइतकाच नवा असला तरी चालेल. दोन गाड्या असल्या की रुतलेली गाडी बहुतेक वेळा अर्ध्या तासात बाहेर येते. एकट्या गाडीने जायचं ठरलं, तर मल्हारगडाचा तुकडा आणि डांबराला चिकटून असलेल्या पाणंदी एवढ्यावरच थांबा.